बाळूसाठी तीन घरं

प्रिय ताई,

गेल्या दिवाळीनंतर पाषाण तलावाच्या रस्त्याला ग्रेट डेन जातीचा एक मोठा कुत्रा भटकताना दिसला. गळ्यावर पट्ट्याचा वळ होता, पट्टा नव्हता. बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या. पोलीस चौकीत कळवलं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरवले, डॉक्टरांकडून अंगात मालकाची ओळख पटवणारी चिप आहे का तेही तपासून घेतलं. कोणीच आलं नाही. तेव्हापासून तो आमच्याकडे आहे. सासूबाई त्याला बाळू म्हणतात. डॉक्टरांच्या अंदाजाने वय साडेचार-पाच. आला तेव्हा 38 किलो होता, आता 54 आहे. स्वभाव गरीब. फक्त जेवताना जवळ गेलं की गुरगुरतो. मार्चमध्ये वॉचमनच्या मुलाने त्याच्या ताटलीजवळ पडलेली पोळी उचलली, तेव्हा त्याने हवेत तोंड मारलं. लागलं नाही, पण मुलगा फार घाबरला.

आम्ही कोथरूडला जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. ऑक्टोबरमध्ये सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. वॉकर घेऊन चालणारी बाई आणि बाळू, दोघं या घरात मावणार नाहीत.

तीन घरं पुढे आली आहेत. एक, मुळशीकडे दोन एकरांचं फार्महाऊस. मालक कोथरूडचेच, शनिवार-रविवारी जातात, एरवी तिथे गडी असतो. दोन, वाकडचं तिशीतलं आयटीतलं जोडपं, भाड्याचा फ्लॅट, नववा मजला, लिफ्ट आहे. तीन, सहकारनगरचे निवृत्त बँक अधिकारी आणि त्यांची पत्नी, वयं 66 आणि 62, तळमजल्याचं स्वतःचं घर. त्यांचा लॅब्रॅडॉर दोन वर्षांपूर्वी म्हातारा होऊन गेला. मुलगा अमेरिकेत असतो, अधूनमधून ते सहा-सहा महिने तिकडे जातात.

सगळे म्हणतात फार्महाऊसला द्या, एवढ्या मोठ्या कुत्र्याला मोठी जागा लागते. माझं मन घेत नाही. गुरगुरण्याचं सांगितलं तर तिन्ही घरं मागे फिरतील असंही वाटतं. सांगू की नको? आणि आता त्याला देऊन टाकलं, तर पाषाणला सोडून गेलेल्या माणसात आणि माझ्यात फरक काय राहिला?

– वृषाली, कोथरूड (नाव बदललं आहे)

प्रिय वृषाली,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर लहान आहे. त्या माणसाने बाळूच्या गळ्यातला पट्टा काढून घेतला आणि तो निघून गेला. तुम्ही त्याच्या अंगावर सोळा किलो चढवलंत आणि आता तीन घरं पारखत बसला आहात. कायद्यालाही हा फरक कळतो. जनावर वाऱ्यावर सोडून देणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात, कलम 11 खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. हो, पन्नासच. त्याबद्दल मला काय वाटतं ते इथे लिहीत नाही, संपादक कापतील. पण विचार करून दुसरं घर शोधून देणं याला सोडणं म्हणत नाहीत. आणि खरं सांगायचं तर बिनलिफ्टचा दुसरा मजला बाळूलाही फार दिवस परवडला नसता. या जातीची मागच्या पायांची ताकद उतारवयात कमी होत जाते. 54 किलोचा कुत्रा जिन्यात बसला आणि उठेना, तर त्याला खाली कोण उतरवणार होतं?

आता मुळशी. तुमचं मन घेत नाही ते बरोबर आहे. का घेत नाही ते सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या वेळी कोणी दोन एकरांचं कौतुक सांगायला लागलं तर तुमच्याकडे उत्तर असेल.

पुण्यात फार्महाऊस हा शब्द उच्चारला की भलीभली माणसं हळवी होतात. हिरवळ, मोकळी हवा, पळणारा कुत्रा. आता सोमवार ते शुक्रवारचं चित्र बघा. मालक कोथरूडला. गडी झाडांना पाणी घालणार, फाटक सांभाळणार, स्वतःची भाकरी करणार. कुत्रा त्याने मागितलेला नाही, त्याच्यावर तो लादला जाणार आहे. चौपन्न किलोचं अनोळखी जनावर बघून तो पहिलं काम काय करेल? साखळी आणेल. त्यात त्याचा दोषही नाही. म्हणजे बाळूच्या वाट्याला दोन एकर येणार नाहीत, साखळी जिथवर पोचेल तेवढीच जमीन येईल.

शिवाय ग्रेट डेन बाहेर राहणारा कुत्रा नव्हे. अंगावर आखूड केस, खाली लोकरीचा थर नाही. मुळशीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, डिसेंबरातली तिथली थंडीही माहीत असेल. त्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, आणि रात्री बाहेर बांधलेल्या कुत्र्याला पळायलाही जागा नसते. जुन्नरकडच्या लोकांना विचारा, बिबट्या कुत्र्यासाठी अंगणात येतो हे तिथे कोणाला सांगावं लागत नाही. ‘राखणीला जबरदस्त दिसेल’ असं मालक म्हणाले असतील तर त्यांचं बरोबर आहे, दिसेल जबरदस्तच. पण राखणीसाठी त्यांनी कॅमेरे लावावेत.

सगळ्यात मोठं कारण मात्र पोटाचं आहे. ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत पोटात वायू भरून जठर फुगतं आणि कधीकधी स्वतःभोवतीच पिळून जातं. इंग्रजीत त्याला ब्लोट म्हणतात. पोट टणक होतं, उलटीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, लाळ गळते, कुत्रा एका जागी बसू शकत नाही. काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर तो जातो. ही गोष्ट सगळ्या कुत्र्यांत होऊ शकते, पण डेन त्यात आघाडीवर आहेत. आता रात्री अकरा वाजता मुळशीला हे घडलं, तर कोणाच्या लक्षात येणार? आलं तर गड्याकडे गाडी आहे का? मालक झोपेतून उठून तिथे पोचणार, तिथून पुन्हा शहरात. तोवर उशीर झालेला असेल. बाळू ज्या घरात जाईल त्या घरातलं कोणीतरी रात्री त्याच्या आवाजाने जागं होईल एवढ्या अंतरावर झोपलेलं असायला हवं. ही अट मी कुठल्याच घरासाठी सैल करणार नाही.

मुळशीलाच कायम राहणारं, रात्री कुत्र्याला घरात घेणारं कुटुंब असतं तर मी वेगळं लिहिलं असतं. गावाला माझा विरोध नाही. शनिवार-रविवारच्या मालकीला आहे.

‘मोठा कुत्रा, मोठी जागा’ हे लोक ऐकीव बोलतात. वयात आलेला डेन घरात काय करतो ते तुम्ही आठ महिने पाहिलं आहेच. झोपतो. सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास चालून आला की माणसं जिथे बसली असतील तिथे येऊन पडतो, उभा असेल तर सगळं वजन तुमच्या मांडीवर टाकून रेलतो. त्याला धावायला मैदान मिळालं तर आनंदच आहे, पण त्याची खरी भूक सोबतीची असते. तेव्हा इच्छुकांना घराचे चौरस फूट विचारू नका. दुपारी दोन वाजता बाळू कुठे असेल आणि त्याच्याबरोबर कोण असेल, हे विचारा. गणपतीचे दहा दिवस तो कुठल्या खोलीत असेल, दिवाळीत कुठे, तुमच्या घरचं लग्न नागपूरला निघालं तर कुठे. जे लोक उत्तर देताना थांबून विचार करतात ते मला आवडतात. ‘त्यात काय, होईल मॅनेज’ म्हणणाऱ्यांना एक कप चहा पाजून निरोप द्यावा.

आणखी एक चाळणी लावा. फोनवर पहिल्या पाच मिनिटांत ‘पेपर आहेत का’ (म्हणजे वंशावळीचे), ‘नसबंदी झाली नसेल तर करू नका’ असं कोणी म्हणालं, तर त्या माणसाला पिल्लं हवी आहेत. 2017 च्या नियमांनुसार राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय कुत्र्यांची पैदास-विक्री करता येत नाही. पण नियम आहे म्हणून धंदा थांबला असं झालेलं नाही. बाळू स्वतः अशाच एखाद्या ठिकाणचा, काम संपलेला नर असण्याची बरीच शक्यता मला वाटते. म्हणून नसबंदी करूनच त्याला द्या, ‘नवीन मालक करतील’ यावर सोडू नका. आणि त्याच भुलीत डॉक्टरांना जठर पोटाच्या आतल्या भिंतीला टाके घालून ठेवायला सांगा. याला गॅस्ट्रोपेक्सी म्हणतात. वायू भरायचा तो भरेल, पण जठर पिळून जाण्याचा धोका त्याने खूपच कमी होतो. भूल देण्याआधी रक्ताबरोबर हृदयाचीही तपासणी करून घ्या, कारण हृदयाचा स्नायू कमजोर होण्याचा आजार या जातीत बराच आढळतो. सगळे डॉक्टर हे ऑपरेशन करतातच असं नाही, ज्यांनी मोठ्या कुत्र्यांवर ते केलं आहे त्यांच्याकडेच जा. खर्च आहे, लपवत नाही. इच्छुक कुटुंबाने त्यातला निम्मा उचलावा असं सरळ सुचवा. कुत्र्याची किंमत घेऊ नये या मताची मी आहे, पण पहिल्याच बिलाला जो हात आखडता घेतो त्याच्याकडून पुढच्या बिलांची काय आशा ठेवायची? या आकाराच्या कुत्र्याला महिन्याला पंधरा-अठरा किलो कोरडं खाणं लागतं, आणि गोचिडाच्या गोळीपासून जंताच्या औषधापर्यंत सगळं वजनावर मोजलं जातं.

वाकडच्या जोडप्याबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाहीत, त्यावरून तुमचा कल दिसतो. तरी त्यांना उडवून लावू नका. दोघं तिशीत आहेत, अंगात ताकद आहे. नववा मजला हा अडथळा नाही, लिफ्ट आहे. सोसायटीने कुरकुर केली तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना त्यांच्या बाजूने आहेत. सर्वसाधारण सभेत ठराव करूनही सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. कोणीतरी केंद्र सरकारचं मार्च 2024 चं ‘धोकादायक जातीं’चं परिपत्रक नाचवत येईल. त्यातल्या तेवीस प्रकारांत ग्रेट डेन नव्हताच, शिवाय कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक त्याच वर्षी एप्रिलमध्ये रद्द केलं.

अडचण घरमालकाची आहे. आपल्याकडे भाड्याचा करार अकरा महिन्यांचा. सोसायटीशी भांडता येतं, पण बाराव्या महिन्यात मालकाने ‘कुत्र्यासकट नको’ म्हटलं की नवीन फ्लॅट शोधावा लागतो, आणि एवढा कुत्रा बरोबर असला की दलाल फोन उचलेनासे होतात. रस्त्यावर येणाऱ्या मोठ्या कुत्र्यांतले कितीतरी या बाराव्या महिन्याचे बळी असतात. तेव्हा करारात कुत्र्याचा उल्लेख आहे का, तो बघायला मागा. ऑफिसला आठवड्यातून किती दिवस जावं लागतं आणि दोघांचे दिवस एकच आहेत की वेगळे, तेही विचारा. वेगळे असतील आणि करारात कुत्रा लिहिलेला असेल, तर हे घर सहकारनगरच्या बरोबरीला येतं. शिवाय तिथे एक गोष्ट नक्की बघा, फरशी. नव्या इमारतींतल्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर डेनचे मागचे पाय फाकतात. चालण्याच्या वाटेवर रबरी चटया टाकायची आणि झोपायला जाड गादी द्यायची त्यांची तयारी आहे का? कडक फरशीवर पडून त्याच्या कोपरांना गाठी येतात.

आता सहकारनगर. माझं मत त्यांच्या बाजूने आहे. लोक म्हणतील, सहासष्ट वर्षांच्या माणसाला कुत्रा कशाला देता, त्यांच्यामागे त्याचं काय? लॅब्रॅडॉरचं पिल्लू द्यायचं असतं तर मीही हेच विचारलं असतं. पण ग्रेट डेनचं आयुष्य साधारण सात ते दहा वर्षांचं. बाळू पाचच्या घरात आहे, म्हणजे अर्धं सरलं. त्याची तीन-चार वर्षं, फार तर पाच. हे लिहायला बरं वाटत नाही, पण हिशोब हाच आहे, आणि या हिशोबात निवृत्त माणसं उत्तम बसतात. दुपारी दोन वाजता ती घरी असतात. तळमजला आहे, जिना नाही. म्हाताऱ्या कुत्र्याची शुश्रूषा त्यांनी शेवटपर्यंत केली आहे. वयाने मोठा कुत्रा घेताना कोणी त्याच्याकडे पिल्लू म्हणून बघत नाही ना, हे बघायचं असतं. ज्यांनी कुत्र्याचा शेवट पाहिला आहे त्यांना पुन्हा सांगावं लागत नाही.

त्यांच्याकडे दोन प्रश्न आहेत, आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला अमेरिकेचा. पुण्यातल्या निम्म्या निवृत्त मंडळींचं वर्ष सूनबाईंच्या बाळंतपणावर आणि नातवंडांच्या सुट्ट्यांवर ठरतं. सहा महिने बाळूला कुठे ठेवणार? बोर्डिंगमध्ये सहा महिने हे उत्तर नव्हे. एवढ्या कुत्र्याला पिंजऱ्यात सहा महिने काढायला लावणं म्हणजे पुन्हा पाषाणच झालं, फक्त पैसे भरून. आलटून-पालटून जाऊ, एक जण घरी राहील, हे चालेल. घरी येऊन राहणारा पुतण्या किंवा भाची असेल तर चालेल, पण त्या माणसाला आत्ताच बाळूला भेटायला बोलवा. पुढच्या तीन-चार वर्षांसाठी जाण्याचा काही बेत ठरलेला आहे का, तारखेसकट विचारा. संकोच करू नका. बँकेत आयुष्य गेलेला माणूस आहे, तारीख विचारल्याचा त्यांना राग येणार नाही.

दुसरा ताकदीचा. घरातला बाळू आणि समोर मांजर दिसल्यावरचा बाळू यांत फार फरक असतो. त्यांना सकाळी साडेसहाला तळजाईच्या बाजूच्या गल्ल्यांतून बाळूला घेऊन चालायला सांगा. रस्त्यावरची कुत्री भुंकत येतील तेव्हा काय होतं ते तुम्ही शेजारून बघा. काका-काकू दोघांच्याही हातात दोरी देऊन बघा, कारण काका आजारी पडले की दोरी काकूंच्याच हातात येणार. छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस लावा, त्याने ओढ बरीच मोडते. तरीही झेपत नाही असं दिसलं, तर सकाळ-संध्याकाळ फिरवायला माणूस ठेवायची तयारी आहे का ते विचारा. साठीनंतर पडल्यावर खुबा मोडतो, आणि मग ते घर तुमच्या घरापेक्षा वेगळं राहत नाही.

आता गुरगुरण्याचं. सांगायचं. सगळं, मार्चच्या प्रसंगासकट, आणि पहिल्याच बोलण्यात. तुमची भीती मला समजते, पण उलटं करून बघा. तुम्ही सांगितलं नाही, डिसेंबरात अमेरिकेहून नातू आला आणि त्याने बाळूच्या भांड्यात हात घातला, तर पोराच्या गालावर दात बसतील. बाळू परत येईल, तोही चावरा कुत्रा हे नाव घेऊन, आणि त्यानंतर त्याला घर मिळणं जवळजवळ अशक्य होईल. एकदा चावलेला पन्नास किलोचा कुत्रा कोणीही घेत नाही. निवारे जखमी रस्त्यावरच्या कुत्र्यांनी आधीच भरलेले असतात. आजचं मौन बाळूलाच सर्वांत महाग पडेल.

शिवाय ही काही विकृती नाही. उपाशी राहिलेला कुत्रा ताटली राखतो. त्याने हवेत तोंड मारलं, मुलाला मारलं नाही. एवढ्या जबड्याचा नेम चुकत नसतो. तो इशारा होता. गुरगुरणंही इशाराच आहे, त्यासाठी त्याला रागवू नका. रागवून गुरगुरणं बंद पडतं, भीती तशीच राहते, आणि मग कुत्रा न सांगता चावतो. ‘मालक कोण ते दाखवायचं’ म्हणून जेवताना भांडं काढून घ्यायला सांगणारे प्रशिक्षक आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. अशांना फाटकातूनच परत पाठवा.

करायचं ते साधं आहे. जेवण स्वतंत्र खोलीत, दार लावून, दिवसातून दोन-तीन वेळा थोडं थोडं. पोटाच्या दृष्टीनेही हेच बरं, आणि जेवणानंतर तासभर धावपळ नको. जेवताना लांबून जाता-जाता भांड्याच्या दिशेने उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकायचा आणि पुढे निघून जायचं. माणूस जवळ आला की अन्न जातं, असं त्याने शिकलेलं आहे. माणूस जवळ आला की अन्न वाढतं, हे त्याला हळूहळू पटू द्यायचं. अंतर आठवड्या-आठवड्याने कमी करा, घाई नको. आजपासून हे तुम्हीच सुरू करा, म्हणजे नवीन घराला सांगताना ‘गुरगुरतो’ याच्यापुढे ‘आणि आम्ही हे करतोय, एवढा फरक पडलाय’ असं म्हणता येईल. लहान मुलं असलेल्या घरात मात्र त्याला देऊ नका. नातू येणार असेल तर जेवणाच्या वेळी मधलं दार बंद, आणि बंद म्हणजे कडी लावून बंद.

गंमत अशी की हे सगळं मोकळेपणाने सांगितल्यावर चांगली घरं बहुधा मागे फिरत नाहीत. जी फिरतात ती फिरलेली बरी. जाहिरातीतसुद्धा हेच लिहा. ‘अतिशय प्रेमळ, सगळ्यांशी जमतं’ असं लिहिलेल्या शंभर कुत्र्यांत बाळू हरवून जाईल. ‘लाळ गाळतो, शेपटीने टीपॉयवरचे कप पाडतो, ताटलीजवळ कोणी आलेलं खपत नाही, फटाक्यांना बाथरूममध्ये जाऊन बसतो’ असं लिहिलंत की ज्याला खरोखर जमणार आहे तोच फोन करेल. फटाक्यांचं मी अंदाजाने लिहिलं आहे, तुमचा बाळू जे करतो ते लिहा.

वेळेचं गणित बघा. नसबंदी आणि पोटाचे टाके भरायला दोन-तीन आठवडे धरा. त्यानंतर द्या, पण गणपतीच्या आधी निदान महिनाभर तरी हातात असू दे. नव्या घरात पाऊल ठेवल्यावर चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या मंडळाचा ढोल सुरू झाला, तर बाळूचा त्या घरावरचा विश्वास बसायच्या आधीच उडेल. तेवढे दिवस उरत नसतील, तर विसर्जनाची वाट बघा आणि दुसऱ्या दिवशी पाठवा. ऑक्टोबरच्या आत तेही बसतं.

देण्याआधी दोन-तीन भेटी व्हाव्यात, पहिली बाहेर रस्त्यावर चालताना, दुसरी त्यांच्या घरी. त्यांच्या घरी गेलात की फाटकाची उंची बघा, आणि ते नुसतं लोटलेलं राहतं का तेही. नवीन घरातून पहिल्या दिवसांत कुत्रा निसटतो तो जुनं घर शोधायला. सहकारनगरहून कोथरूडला येताना त्याला किती रस्ते ओलांडावे लागतील ते सांगायला नको. म्हणून पहिले काही आठवडे पट्टा आणि हार्नेस दोन्हीला दोरी, गळ्यात फोन नंबरचा बिल्ला, आणि चिप बसवली नसेल तर ऑपरेशनच्या वेळीच बसवून घ्या. महापालिकेचा परवाना नवीन मालकांच्या नावाने निघाला पाहिजे. त्याला रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं, ते फाइलमध्ये ठेवा.

एक कागद करा. त्यात लिहा की तीन आठवडे हा मुक्काम चाचणीचा आहे, आणि पुढे कधीही, कुठल्याही कारणाने जमलं नाही तर बाळू आधी तुमच्याकडे येईल, परस्पर तिसऱ्याकडे जाणार नाही. सही दोन्हीकडची. कोर्टात तो कागद किती टिकेल यापेक्षा, सही करताना समोरचा माणूस तो पूर्ण वाचतो का ते बघा. अर्थात ‘तुमच्याकडे येईल’ लिहिताना तुम्हालाही विचार करावा लागेल, कारण तेव्हा घरी वॉकर असेल. वाकडच्या जोडप्याला हेच विचारा की तशी वेळ आली तर महिनाभर ठेवून घ्याल का. ज्यांना कुत्रा मिळत नाही ती माणसं अशा वेळी धावून येतात, आणि आली तर पुढे सहकारनगरच्या अमेरिकेच्या फेरीतही तीच कामाला येतील.

बाळूबरोबर त्याची गादी न धुता द्या, आठवडाभराचं त्याचंच खाणं द्या. त्याच्या दिवसाचं एक टिपण द्या, कधी उठतो, कुठे शी करतो, कुठल्या कुत्र्याशी वैर आहे. बचावकार्यातली माणसं तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा सांगतात. पहिले तीन दिवस तो भांबावलेला असतो, कदाचित खाणार नाही. तीन आठवड्यांत घराची लय कळते, आणि खरा स्वभावही तेव्हाच बाहेर येतो, गुरगुरण्यासकट. घर आपलं वाटायला तीन महिने. हे काका-काकूंना आधी सांगून ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी ‘तो उदास आहे हो, तुमची आठवण काढतोय’ असा फोन येईल आणि तुम्ही रिक्षा करून निघाल. निघू नका. पहिला महिना फोटोंवर भागवा. सासूबाईंनाही हे समजावा. पत्रावरून वाटतं की बाळूचा खरा जीव त्यांच्यावर आहे.

समजा सहकारनगर आणि वाकड दोघांनीही नकार दिला, तर ऑपरेशनच्या तारखेच्या दडपणाखाली मुळशीला होकार देऊ नका. बाळूला वर्षभर घर न मिळणं आणि त्याने चुकीच्या घरात जाणं यांत मोठं नुकसान दुसऱ्यात आहे. पैसे देऊन एखाद्या घरी फॉस्टर, म्हणजे तात्पुरता सांभाळायला, ठेवा, पुण्यात प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना आणि तुमच्या डॉक्टरांना फॉस्टर घरांबद्दल विचारा. लक्षात ठेवा, जागा पिंजऱ्याची नको, घरातली हवी. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न असेल तर हे पैसे वाया जात नाहीत.

आज संध्याकाळी सहकारनगरला फोन करा. अमेरिकेच्या तारखा आधी विचारा, आणि गुरगुरण्याचं त्याच फोनवर सांगा, भेटीसाठी राखून ठेवू नका. काकू फोनवर असतील तर उत्तम, जेवण त्याच वाढणार आहेत.